क्रेटवाल्या काकांना, आरुषाला

काका,

सुरुवातीलाच घोळ आहे. आमच्याकडे गाडी चालवणाऱ्याला दादा म्हणायची पद्धत. पण स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, हे तुम्हीच मला सांगितलंत आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसलात. काका म्हणावं तर तुमच्याकडे तो भाऊ, आमच्याकडे बापाचा भाऊ, आणि तुम्ही तर माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. तुम्ही मला चार दिवस ‘मामा’ म्हणत होतात, म्हणजे आई. माझ्या कानाला मात्र दर वेळी आजोळचा मामाच ऐकू यायचा. तर काकाच म्हणते, तुमच्या अर्थाने. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र चार लोक वाचणार आणि नाव घालू का म्हणून मी तुम्हाला विचारलेलं नाही. भाच्याला सांगितलंय, इंग्रजीत करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. तो आज-उद्या करत पाठवेल.

मी दुसऱ्या रांगेतली, खिडकीजवळची, मरून कानटोपीवाली बाई. फेब्रुवारीत किलिमांजारो उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या गाडीत बसलेली. बसलेली हा शब्द चुकला. बसवलेली.

डोंगराचं थोडक्यात सांगते, कारण हे पत्र डोंगराचं नाही. बराफूच्या तळावरून मध्यरात्री निघालो. बराफू म्हणजे आपला बर्फच, शब्द ओळखीचा निघाला म्हणून उगाच धीर आला होता. उजाडल्यावर स्टेला पॉइंटला पोहोचले. पाटीवर ५,७५६ मीटर. तिथे बोटाला लावलेल्या क्लिपवरचा ऑक्सिजनचा आकडा बघून गाईडने मान हलवली आणि मी वाद घातला नाही. उहुरू, म्हणजे किलिमांजारोचं सगळ्यात वरचं टोक, ५,८९५ मीटर. म्हणजे १३९ मीटर राहिले. उद्यानाचं प्रमाणपत्र स्टेलापर्यंत गेलेल्यांनाही मिळतं, ते मला मिळालं. घरी फ्रेम करून लावलंय.

खरी गोष्ट उतरण्याची. स्टेलापासून त्याच दिवशी म्वेका कॅम्पपर्यंत यायचं, तो साधारण ३,१०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात अडीच हजार मीटरच्या वर उतार, त्यातला पहिला तुकडा घसरड्या भुकटीचा. बारी गावाच्या वाटेने कळसूबाई लागोपाठ तीनदा उतरावी, साधारण तेवढं. दुसऱ्या दिवशी अजून खाली, म्वेका गेटपर्यंत. ते गेट कुठे असावं? साधारण आमच्या कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर. आमचा सगळ्यात उंच डोंगर जिथे संपतो तिथे तुमच्या डोंगराचं फाटक. पाटी वाचून मला हसू आलं, आणि हसताना पोटऱ्या दुखल्या.

चढताना दम लागतो, उतरताना मांड्या जातात. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणत ताणत ब्रेक मारत असतो. त्याचं दुखणं त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला जातं. आणि बरोबर त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या सहल कंपनीने सफारी ठेवली होती. डोंगराखालच्या मोशी शहरात संध्याकाळी पोहोचा, सकाळी सहाला गाडीत. मी फोनवर विचारलं होतं, मध्ये एक दिवस मिळेल का? तर तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सफारी म्हणजे आरामच की, गाडीत तर बसायचंय.’ गाडीची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर आहे हे त्याला कोण सांगणार? त्याने तुमची लँड क्रूझर बहुधा ब्रोशरमध्येच पाहिली असावी. आधी डोंगर आणि मग प्राणी हा क्रम मला आजही योग्य वाटतो. डोंगराची धास्ती डोक्यात घेऊन सिंह बघण्यात काही मजा नाही. पण मध्ये एक दिवस नुसतं लोळायला हवा, हे कुणी जाणार असेल तर माझ्याकडून ऐका.

त्या सकाळी हॉटेलच्या दारात मी पाय उचलायला गेले आणि पाय आलाच नाही. आमचा ग्रुप लीडर आधीच पुढच्या सीटवर बसलेला. तिथून म्हणाला, ‘मावशी, चला चला, उशीर होतोय.’ मग ग्रुपमधल्या दोन मुलांनी बगलेत हात घालून मला उचललं आणि आत ठेवलं. गव्हाचं पोतं ठेवतात तसं. मुलं चांगली होती, त्यांच्यावर माझा राग नाही. लीडरने मात्र त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली ‘टीम स्पिरिट’ असं लिहून आणि तीन हसरे चेहरे लावून. मी रात्री सांगून तो काढायला लावला. तोपर्यंत माझ्या सुनेने पाहिला होता.

तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता गाडीतून उतरायचं नाही. आणि उतरायचं नाही तर पाणी प्यायचं नाही. हे गणित बायकांना समजावून सांगावं लागत नाही. आम्ही ते एसटीच्या प्रवासात आयुष्यभर केलंय. डोंगरावर दिवसाला तीन-चार लिटर पाणी ढोसत होते, ते मी एका सकाळी बंद केलं. आरुषा मागे पडेपर्यंत डोकं ठणकायला लागलं होतं. बाटली पुढच्या जाळीत तशीच, झाकणाचं सील न तुटलेली.

माकुयुनीला, जिथून मन्याराकडे रस्ता फुटतो, तुम्ही गाडी थांबवलीत. कुणी उतरतंय का विचारलंत. मी झोपेचं सोंग घेतलं. डोळे किलकिले करून बघत होते ते तुम्हाला बहुतेक कळलं असणार, कारण तुमची नजर आरशातून माझ्यावर आली, मग त्या बाटलीवर, मग परत रस्त्यावर. तुम्ही उतरून समोरच्या दुकानात गेलात. पाचेक मिनिटांनी काहीतरी घेऊन आलात, गाडीच्या मागे खुडबुड केलीत, आणि निघालो. मला वाटलं, पंक्चरचं काही असेल.

तारांगिरे राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर सगळे परमिटसाठी आणि संडाससाठी उतरले. मी खिडकीतून एका गोरखचिंचेकडे बघत बसले. इंग्रजीत तिला बाओबाब म्हणतात. माझं दार बाहेरून उघडलं गेलं. खाली लाल प्लॅस्टिकचा, सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घातलेला. वर जुन्या टायरचा तुकडा तारेने बांधलेला, पाय घसरू नये म्हणून. मासाई लोकांच्या चपला ज्याच्या असतात तसला टायर.

काका, क्रेट कुणीही ठेवू शकतं. मला हे पत्र लिहावंसं वाटलं ते तुम्ही नंतर केलंत त्यामुळे. तुम्ही दार उघडून धरलंत, एक हात दाराच्या कडेला पक्का ठेवलात, हवा तर धरता यावा असा, आणि पाठ फिरवलीत. त्या गोरखचिंचेवर सुगरणींची घरटी लटकत होती, त्यांच्याकडे बघत उभे राहिलात. माझा पाय क्रेटवर टेकायला किती वेळ लागला, मी तोंड कसं वाकडं केलं, तुमचा हात धरला की नाही, यातलं काहीच तुम्ही पाहिलं नाहीत. हात धरला होता. मी खाली पोहोचल्यावर तुम्ही वळलात आणि ती सीलबंद बाटली पुढे करून म्हणालात, ‘मामा, माजी.’

माजी म्हणजे पाणी हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला ऐकू आलं ‘माजी मामा’, माजी आमदार म्हणतात तसं. मी त्या गेटवर एकटीच खोखो हसत उभी राहिले आणि तुम्हाला कळेना की हिला झालं काय. मग अर्धी बाटली एका दमात प्यायले.

चार दिवसांत तो क्रेट किती वेळा खाली आला असेल? गेटं, जेवणाच्या जागा, लॉज, पंप. दर वेळी तुम्ही इतरांच्या आधी उतरून गाडीला वळसा घालायचात. दर वेळी पाठ फिरवायचात. दर वेळी बघायला काहीतरी असायचं: पक्षी, टायर, आकाश. एकदा तर नुसती भिंत होती. आणि ‘पोलेपोले, मामा’, म्हणजे हळूहळू, एवढंच. एन्डुटूच्या माळावर कुठेच काही आडोसा नसताना मी अवघडून बसले होते, तर तुम्हीच विचारलंत, औषध खणायचंय का? मग सांगितलंत की तुमच्याकडे बसमधल्या बायका असंच म्हणतात, ‘कुचिंबा दावा’, दवा खणायला जाते. किती सभ्य शब्द आहे हो. आमच्याकडे त्यासाठी करंगळी आहे, शब्द नाही. तुम्ही आजूबाजूचं गवत नीट न्याहाळलंत, गाडी आडवी लावलीत, क्रेट पलीकडच्या बाजूला ठेवलात आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूचे वाइल्डबीस्ट मोजायला लावलंत. त्या मोसमात तिथे त्यांची पिल्लं जन्मतात, मोजायला भरपूर होते. तिथलं जन्मलेलं पिल्लू दहा मिनिटांच्या आत चार पायांवर उभं राहतं. मला तिसरा दिवस होता आणि मी अजून क्रेटवर.

त्याच दिवशी कुणीतरी रेडिओवर चित्त्याची वर्दी दिली आणि लीडर ‘चलो चलो’ करायला लागला. तुम्ही आधी मागे बघितलंत, मी बसून घेतलंय ना ते. मग गाडी हलवलीत. चित्ता तोवर गेला होता, आणि रात्री जेवताना टोमणा मलाच बसला. ‘स्टेला हुकलं तसा चित्ता हुकला,’ असं तो म्हणाला. स्टेला हुकलं नव्हतं, उहुरू हुकलं होतं. ज्याने सात दिवस डोंगरावर नेलं त्याला दोन्हीतला फरक माहीत नसावा? असो. कंपनीला सविस्तर मेल केलाय. उत्तरात पुढच्या सहलीवर पाच टक्के सूट आली आहे.

गोरोंगोरोच्या विवराचा दिवस मात्र माझा होता. सहाशे मीटर खोल उतरणारी ती कढई, मध्ये तलाव, आणि गाडी उतरत असताना माझ्या मांड्यांना काही करायचं नाही याचं सुख. तुम्ही लेराईच्या झाडीपाशी इंजिन बंद केलंत. एक म्हातारा हत्ती दलदलीच्या कडेने चालला होता, सुळे जवळपास जमिनीला टेकलेले. तुम्ही सांगितलंत की खाली असले एकटे नरच जास्त दिसतात. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, शेवटचा झिजला की त्याला कडक फांद्या चावता येत नाहीत, मग तो दलदलीतलं मऊ गवत शोधत येतो. मी विचारलं, शेवटचा संच कितव्या वर्षापर्यंत टिकतो? तुम्ही म्हणालात, साठीच्या आसपास. मी अठ्ठावन्न वर्षांची. तुम्ही माझं वय विचारलं नाहीत, मी सांगितलंही नाही. आपण दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. तो एकेक जुडी उपटायचा, पायावर आपटून माती झाडायचा आणि मगच तोंडात घालायचा. मागे कुणी घाईची कुरकुर केली नाही, कारण लीडर झोपला होता.

दुपारी पाणघोड्यांच्या तळ्याकाठी घारीने माझ्या हातातली चपाती उचलून नेली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून हसलात. तेवढं चालतं. चपाती सगळ्यांचीच जाते.

माझी आई लग्नाच्या पंगतीत वाढताना एक करायची. गुडघे गेलेली बाई पाटावर बसताना दिसली की आई तिला काही विचारायची नाही. ती स्वयंपाकघरातून खुर्ची आणायची आणि स्वतःच त्यावर बसून मिनिटभर पदराने वारा घ्यायची. मग उठून जायची, खुर्ची तिथेच. ती बाई आपसूक बसायची. मला लहानपणी वाटायचं, आई दमते. तुमची पाठ बघताना मला ते पन्नास वर्षांनी कळलं. असली माणसं कुठे तयार होतात कोण जाणे. आई चौथी शिकलेली, तुम्ही डोंगर-जंगलात गाड्या हाकणारे, एकमेकांची भाषा येत नाही. आणि कॉर्पोरेट ट्रेनिंग घेतलेला आमचा लीडर व्हिडिओ काढतो. डोंगरावर ज्यांनी वीस-वीस किलो डोक्यावर घेऊन माझ्या आधी तंबू गाठले त्यांचेही उपकार आहेत, पण त्यांचे आभार मी तिथेच, निरोपाच्या नाचात, मांड्या धड असताना मानले. तुमचे राहिले. विमानतळावर सगळे घाईत होते, टीपचं पाकीट लीडरच्या हातून गेलं, आणि मी ‘असांते साना’, खूप आभार, म्हणेपर्यंत तुम्ही पुढच्या पाहुण्यांच्या बॅगा उचलायला निघाला होतात. क्रेट दाराखालीच होता.

आता एक काम सांगते. तो क्रेट गाडीत अजून असेल, तर त्या टायरच्या तुकड्याची डावीकडची तार शेवटच्या दिवशी सुटत आली होती. टोक वर आलेलं. कुणाच्या पायाला लागायच्या आत तेवढी पक्कडने आवळून घ्या.

तुमची,
मरून टोपीवाली मामा
नाशिक