सायकल मिस्त्रींची परीक्षा चाकावर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यात दांडिया बाजारालगत आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तिथे चार वर्षे काम शिकलेला १९ वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात एका मोठ्या सायकल शोरूममध्ये मिस्त्रीच्या जागेसाठी गेला होता. आय.टी.आय.चे सर्टिफिकेट नाही म्हणून त्याला दारातूनच परत पाठवले. हातात पाना देऊन पाहिलेसुद्धा नाही. तो तसाच माझ्याकडे आला, कारण मी ३१ वर्षे आय.टी.आय.मध्ये फिटर ट्रेड शिकवला आहे. “सर, मला एक सर्टिफिकेट मिळवून द्या ना.”

काय सांगणार त्याला? फिटर ट्रेड दोन वर्षांचा, प्रवेशाला दहावी पास लागते आणि याची शाळा आठवीतच सुटलेली. बरे, दहावी असती तरी? माझ्या वर्गात मुले कानस चालवायला शिकली, व्हर्निअर वाचायला शिकली, ड्रिलिंग-टॅपिंग शिकली. ते सगळे सायकलच्या कामाला उपयोगी पडते. पण सायकलचे चाक आम्ही त्यांच्या हातात कधी दिले नाही.

त्या मुलाला चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना मी कितीदा तरी पाहिले आहे. सायकल उलटी करून तो चाक फिरवतो आणि फोर्कला टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरतो. जिथे रिम बाहेर येते तिथेच खूण उमटते. मग त्या जागी खेचणारी तार पाव आटा ढिली, समोरच्या बाजूची पाव आटा घट्ट. पुन्हा चाक फिरवायचे. नवशिका नुसते घट्टच करत जातो, मग डावा-उजवा आउट निघतो पण रिमला वर-खाली उंचवटा येतो. हा पोरगा मधेच ३६ तारांवरून बोट फिरवतो आणि आवाजावरून ढिली तार शोधतो. त्याच्या उस्तादांना, म्हणजे गल्लीतल्या चाचांना, मी एकदा विचारले की किती ताणायची हे कसे कळते? “काका, हाथने खबर पडे,” (हाताला कळते) एवढेच म्हणाले. हे कोणत्या पेपरात कसे लिहायचे, मला ३१ वर्षांत समजले नाही.

पण शिक्षण नकोच, असे मी म्हणत नाही. माझ्या नातीच्या गियरच्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. ब्रेक मऊ लागू लागला म्हणून ती चाचांकडे नेली. त्यांनी मोटारसायकलचे ब्रेक ऑइल भरले. तो ब्रेक मात्र मिनरल ऑइलवर चालणारा होता. काही दिवसांत आतले रबरी सील फुगले आणि लिव्हर दाबला की परत येईना. नात तेव्हा उतारावर नव्हती, म्हणून निभावले. चाचांना त्याचे इतके वाईट वाटले की त्यांनी नवीन लिव्हर स्वतःच्या खर्चाने आणून बसवला. चूक त्यांच्या हाताची नव्हती. दोन ऑइलांतला फरक त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. दोन दिवसांच्या वर्गात सांगून होणारी गोष्ट आहे ही. आता बॅटरीच्या सायकली आल्या, कार्बनचे फोर्क आले. तिथे बोल्ट किती आवळायचा ते हाताच्या अंदाजाने ठरवून चालत नाही, टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणारा पाना, लागतो. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच बडोद्यात कलाभवन उभे केले आणि प्रा. त्रि. क. गज्जर यांच्या हाती सोपवले, ते कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. कुलूप बनवणारे आहेत, हातोडी-अवजारे बनवणारे आहेत, न्हावी, शिंपी, चांभार आहेत. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपये, शिवाय प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. सायकल मिस्त्री त्यात नाही. का नाही? तोही हाताने आणि अवजारानेच पोट भरतो. त्याचे नाव या यादीत घालावे, अशी मागणी आपल्या खासदार-आमदारांनी करावी. १५ हजारांत चांगला टॉर्क रेंच, ट्रूइंग स्टँड (चाकाचा आउट काढायचा स्टँड) आणि ब्रेकचे ऑइल भरायचा संच येईल.

दुसरे, आधी शिकलेले काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांमध्ये आहेच. ती सायकल मिस्त्रींसाठी इथल्या आय.टी.आय.मध्ये चालवावी. वाकडे चाक द्या, पेडल काढायला सांगा (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बघताक्षणी कोणाला येते आणि कोण जोर लावून क्रँक (पेडलचा दांडा) खराब करतो ते पाच मिनिटांत कळते), मागचा हब उघडून छर्रे-ग्रीस भरून पुन्हा बसवायला सांगा. तोंडी प्रश्न गुजरातीत, मराठीत, हिंदीत, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत विचारा. लेखी पेपर ठेवू नका.

आणि शोरूमवाल्यांना विनंती, निदान तोवर तरी दारात आलेल्या मुलाला एक चाक देऊन बघा.

परीक्षक कमी पडत असतील तर मी मानधन न घेता येईन. वाकडी चाके चाचांकडे हवी तेवढी आहेत, ती मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त फिटर निदेशक,
दांडिया बाजार, बडोदे