रविवारची गोळी आणि ‘ॲडमिट’ व्हायची अट

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

मी पुण्यात धनकवडीत ब्लाउज शिवते. २०१९ च्या दिवाळीआधी, ऐन गर्दीच्या दिवसांत, सकाळी उठल्यावर बोटं मुठीत मिटेनाशी झाली. गरम पाण्यात अर्धा तास हात धरले की मग कुठे कात्री धरता यायची. हुक लावताना सुई निसटायची. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. रक्त तपासलं तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, संधिवाताच्या या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. म्हणजे वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उठते तो, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्या शेकायला निरगुडीचा पाला आणतात, आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं बरंही वाटतं.

यजमान खेड शिवापूरला एका कारखान्यात आहेत. तेव्हा त्यांचं कामगार विम्याचं कार्ड होतं. मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन) या संधिवाताच्या गोळ्या, फॉलिक ॲसिड, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, सगळं त्या कार्डावर व्हायचं. २०२२ मध्ये त्यांना बढती मिळाली, पगार २१,००० च्या वर गेला. आम्ही पेढे वाटले आणि सहामाही संपताच कार्ड बंद झालं. ती २१,००० ची मर्यादा २०१७ पासून जागची हललेली नाही. कंपनीने त्याऐवजी ग्रुप मेडिक्लेम दिला. कागदावर तीन लाखांचा. पण ओपीडीची औषधं त्यात बसत नाहीत, आणि माझा सगळा आजारच ओपीडीतला!

पहिल्या गोळ्या तशा परवडतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. माझी रविवारी असते, म्हणून घरात तिला ‘रविवारची गोळी’च म्हणतात. जनऔषधी केंद्रात ती आणखी स्वस्त पडते. २०२० मध्ये एचसीक्यू करोनावर चालते अशी हवा झाली आणि एका आठवड्यात ती दुकानांतून गायब झाली, तेव्हा मात्र ज्यांची ती रोजची गोळी होती ते कपाळाला हात लावून बसले होते.

अडचण पुढच्या पायरीची आहे. तीन वर्षांनी या गोळ्या पुरेनाशा झाल्या. मनगट सुजून राहायला लागलं. डॉक्टरांनी समोर तीन वाटा मांडल्या. पहिली, दर पंधरा दिवसांनी घरी पोटावर टोचायचं ॲडालिमुमॅब. महिन्याचा खर्च पाच आकडी. दुसरी, दवाखान्यात सलाइनमधून द्यायचं औषध. तिसरी, टोफासिटिनिबची गोळी. ती आता बऱ्याच देशी कंपन्या बनवतात, महिन्याला दोन हजारांच्या आसपास. पण तिच्याआधी टीबीची तपासणी, छातीचा एक्स-रे, आणि हृदयाचं काही आहे का याची विचारपूस.

मग डॉक्टरांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. “पॉलिसीत डे-केअर आहे का?” म्हणजे दवाखान्यात भरती होऊन त्याच दिवशी घरी, असा उपचार. सलाइनचं औषध डे-केअरमध्ये बसू शकतं, तेवढ्याच ताकदीचं घरी टोचायचं इंजेक्शन बसत नाही, कारण त्यासाठी कुणी ॲडमिट होत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये मोनोक्लोनल अँटीबॉडीची इंजेक्शनं (ॲडालिमुमॅब त्यातलंच) विम्यात धरायला सांगितली आहेत. तो कागद मी विमा कंपनीला दाखवला. उत्तर आलं, “भरती असेल तर.” औषध आजार बघून निवडायचं की पॉलिसी बघून, हे मी तुम्हालाच विचारते. शेवटी सलाइन आमच्या डे-केअरच्या मर्यादेत बसलं नाही. मी टोफासिटिनिब घेते, स्वतःच्या पैशाने. त्यातही एकाच घटकाच्या दोन पाकिटांवर छापील किंमत एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. दुकानदाराने महागडं आधी पुढे केलं होतं.

आता तुमच्या खात्याकडे येते. राज्याची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना १ जुलै २०२४ पासून सर्वांना खुली झाली, पाच लाखांपर्यंत. कार्ड मीही काढलं. तिथेही तीच अट, ॲडमिट व्हा. उद्या माझा खुबा गेला तर सरकार शस्त्रक्रियेचे पैसे मोजेल. तो जाऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीचे मोजणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत झाली. निर्णय चांगला आहे, मनापासून सांगते. पण तो तुमच्या खात्यापुरता. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं, कमला नेहरू महापालिकेचं. शहराच्या या टोकाच्या माणसाने औंधचं जिल्हा रुग्णालय गाठायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि सकाळी आखडलेल्या बोटांनी बसचा दांडा धरून उभं राहणं कसं असतं ते वेगळंच.

माझं मागणं मोठं नाही. जुन्या चार गोळ्या (मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड) आणि त्यांच्यासोबतच्या यकृत-रक्ताच्या तपासण्या, कोणत्याही खात्याच्या सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांच्या एकदम मिळाव्यात. एका सरकारी ओपीडीत मला सलग दोनदा “बाहेरून आणा” ऐकावं लागलं. आणि ज्यांना या गोळ्या पुरत नाहीत, त्यांच्यासाठी योजनेत भरतीशिवायचं पॅकेज असावं. ॲडालिमुमॅबचा पहिला बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) २०१४ मध्ये आपल्याच देशातल्या कंपनीने बाजारात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. सरकार घाऊक घेईल तेव्हा भाव माझ्यासारखा लागणार नाही. किमतींचा विषय केंद्राचा आहे हे मला ठाऊक आहे. पण कॅन्सरच्या ४२ औषधांवर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३० टक्क्यांच्या नफ्याची मर्यादा घातली गेली, तशी आमच्याही औषधांवर घाला, असं पत्र मुंबईहून दिल्लीला जाऊ शकतं.

एक छोटी गोष्ट राहिली. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना मेथोट्रेक्सेट लिहून दिली होती. चिठ्ठीवर इंग्रजीत ‘वीकली’ लिहिलेलं, घरात ते कुणी नीट वाचलं नाही. आजी नऊ दिवस रोज घेत राहिल्या. तोंडभर फोड आले, रक्तातल्या पेशी घसरल्या, आठ दिवस ॲडमिट. त्या भरतीचं बिल मात्र योजनेत बसलं.

तेव्हा सरकारी ओपीडीत ही गोळी देताना पाकिटावर मराठीत एक शिक्का मारायला सांगा : ‘आठवड्यातून एकदाच’. खाली वार लिहायला जागा. त्यासाठी निविदा काढायची गरज नाही. आमच्या पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात सांगितलं तर शिक्का संध्याकाळपर्यंत करून मिळेल.

कळावे,

आपली,
धनकवडीची ब्लाउजवाली