ती वायर काढलीस ना?

सातारा,
२३ जून

प्रिय सुध्या,

त्या दिवशी रात्री साडेदहाला फोन करून "ती वायर काढ, आत्ताच्या आत्ता काढ" एवढंच बोललो आणि ठेवला. तुला वाटलं असणार, ह्याला चढलीये. तसं काही नव्हतं. आई शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती, खोलीत करपट वास कोंडला होता (म्हणे, मला कुठला येतोय!) आणि माझ्या हातात कॉम्प्युटरमधल्या वायरीचा अर्धवट वितळलेला प्लग होता. तसलीच वायर मीच मोठ्या कौतुकानं तुला चिपळूणला पाठवलेली. घाम फुटला मला. म्हणून आधी फोन केला, आता सगळं सविस्तर लिहितो.

तो कॉम्प्युटर तू पाहिलेला आहेस. २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना करंट पुरवणारा डबा. दहा वर्षं कुरकुर न करता चालला. यंदा चिरंजीवांची दहावी संपली आणि त्यांना 'व्हिडिओ एडिटिंग शिकायची' हुक्की आली. आपण बाप असलो तरी इतके भोळे नाही. गेम खेळायचे होते. पण मलाही हात शिवशिवत होते. मे महिन्यात आठ जीबी रॅम वाढवली, एसएसडी टाकली आणि ओळखीतल्या एका पोराकडून जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घेतलं.

ह्या कार्डाला वरून आठ पिनांची वेगळी वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती नव्हतीच. पुण्यात गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीत विचारलं. दुकानदारानं वीतभर वायर काढून दिली. एका टोकाला साटाचा प्लग, म्हणजे हार्ड डिस्कला करंट देतो तो चपटा, आणि दुसऱ्या टोकाला कार्डाचा आठ पिनी. दीडशे रुपये. मी म्हटलं दोन द्या. एकवीसच्या पुरात तुझा जुना कॉम्प्युटर वाशिष्ठीनं नेल्यावर तू जो नवा जुळवलास, त्याचंही हेच रडगाणं होतं ना? मित्राची अडचण लक्षात ठेवल्याचं समाधान त्या दिवशी कोल्हापूरच्या गाडीत बसून साताऱ्यापर्यंत मिरवत आलो.

वायर बसली. खटकन बसली. इथंच फसलो बघ. आपल्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की जे नीट बसतं ते चालतं. गॅसची नळी, सायकलचा व्हॉल्व्ह, नळाचा आटा, ज्याचं माप जुळलं ते बरोबर.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. मग खेळताना मधेच स्क्रीन काळा पडून दोन सेकंदांत परत यायला लागला. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. दोनदा. तिसऱ्यांदा टाकणार तेवढ्यात आई दारात येऊन म्हणाली, "काय जाळताय रे?"

तुला ठाऊकच आहे, कोविडनंतर माझं नाक गेलं ते पुरतं परत आलंच नाही. कांदा-लसूण कळतो, उदबत्ती कळते, बाकी सगळं पुसट. ही माहेरी गेलेली. चिरंजीवांना विचारलं तर मान खाली. तीन दिवसांपासून वास येत होता म्हणे. बोलला का नाहीस? "तुम्ही कार्ड परत दिलं असतं." चूक त्याची म्हणावी तर त्याच्या वयाचा असताना मीही दुसरं काही केलं नसतं.

कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतून पिन उपटली, बटण दाबून धरून उरलासुरला करंट जाऊ दिला आणि खिडक्या उघडल्या. मग आमचं पथक कामाला लागलं: डोकं माझं, नाक आईचं, बॅटरी धरायला चिरंजीव.

आईला म्हटलं, वास कसला ते सांग. रबरासारखा, धुळीसारखा की मासळीसारखा? हे उगाच विचारलं नव्हतं. धूळ तापली तर हिवाळ्यात पहिल्यांदा हीटर लावल्यासारखा वास येतो, तो निरुपद्रवी. नव्या सामानाला वार्निशसारखा वास असतो, तो दोन दिवसांत जातो. पण फुटलेला कपॅसिटर (वीज साठवणारी ती छोटी डबी) आणि काही जातींचं तापलेलं प्लॅस्टिक चक्क मासळीसारखं घाण मारतं. आता आईनं जन्मात मासळी शिजवलेली नाही, ती काय सांगणार! शेवटी शेजारच्या मालवणी काकूंना बोलावलं. त्यांनी कॅबिनेटमध्ये डोकं घातलं, दोनदा हुंगलं आणि निकाल दिला, "मासळी न्हय ती. आमच्या माशांका बदनाम करू नका." मग आई म्हणाली, प्लॅस्टिकची बांगडी दिव्यावर धरल्यासारखा वास आहे. ह्याच्याइतकं नेमकं निदान कुठलं यंत्र देईल सांग.

अडचण अशी, की पंखे सगळा वास घुसळून टाकतात. चालू कॉम्प्युटरजवळ नाक नेलं की सगळीकडूनच येतो. म्हणून तासभर सगळं थंड होऊ दिलं. करपलेलं प्लॅस्टिक थंड झालं तरी त्याचा वास जात नाही, बाकीच्यांवरचा उडून जातो.

आधी भिंतीचा बोर्ड पाहिला. ढिल्या सॉकेटमध्ये ठिणगी पडून तिथंच जळतं आणि आपण कॉम्प्युटरला शिव्या घालतो, हे तू मला शिकवलेलं. पिन स्वच्छ, बोर्ड गार, अर्थिंगही ठीक. मग एसएमपीएस. माझा सगळा संशय त्याच्यावर होता. आईनं मागच्या जाळीला नाक लावलं: काही नाही, नुसती धूळ. चिरंजीव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो उघडायलाच निघाले होते. हातावर चापट मारली. २३० व्होल्ट आत सरळ होऊन सव्वातीनशेच्या आसपास कपॅसिटरमध्ये भरून बसतात आणि पिन काढली म्हणजे ते लगेच घरी जातात असं नाही. तो डबा आपण उघडायचा नाही, बस.

मग कार्ड. सेकंडहँड असल्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. ज्या पोरानं विकलं त्याला मी मनातल्या मनात दोन कचकचीत शिव्याही देऊन टाकल्या. बाहेर काढून उलटसुलट पाहिलं. कुठं काळा डाग नाही, वास नाही. मदरबोर्डावरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले, सगळ्यांची टोपणं सपाट. तुझ्या होस्टेलच्या खोलीतला तो पेंटियम फोर आठवतो? कपॅसिटर कसे टमटमीत पुरीसारखे फुगले होते! तेव्हा आपण खानावळीच्या मालकाच्या विजेला दोष दिला. पुढं कळलं की २००० नंतरच्या त्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत शिरले होते आणि असेच फुगून मरत होते. बिचाऱ्या मालकाची माफी मागायची राहूनच गेली.

सगळे निर्दोष सुटले. पावणेदहा वाजले. मी म्हटलं उद्या बघू. आई मात्र कॅबिनेटच्या दुसऱ्या बाजूला वाकली, जिकडचं झाकण मी उघडलंच नव्हतं, आणि म्हणाली, "इथं आहे."

आता हसू नकोस. वायरींचा पसारा दिसू नये म्हणून मीच ती जोडणी मदरबोर्डाच्या मागच्या बाजूला सारली होती आणि चार वायरींबरोबर टाय मारून घट्ट आवळली होती. फोटोसुद्धा काढलेला, तुला पाठवला होता बघ, 'कसं टापटीप' म्हणून. टाय कापला. साटाच्या प्लगचं काळं प्लॅस्टिक एका टोकाला मेणासारखं ओघळलेलं, शेजारची पिवळी वायर तपकिरी पडून कडक झालेली. ओढला तर प्लग निघेना. निघाला तेव्हा अर्धं प्लॅस्टिक समोरच्या प्लगमध्येच चिकटून राहिलं. झाकणाच्या पत्र्याला वाफेसारखा पिवळट डाग.

त्यानंतरच मी तुला फोन केला.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. तू इलेक्ट्रिकलचा माणूस, हा हिशोब मी वायर घेण्याआधी तुला विचारला असता तर पाच मिनिटांत झाला असता. साटाच्या प्लगमध्ये पंधरा पट्ट्या असतात. १२ व्होल्टच्या त्यातल्या तीनच, प्रत्येकीची ऐपत दीड अँपिअर. एकूण साडेचार, म्हणजे ५४ वॅट. हार्ड डिस्कला तेवढं बख्खळ. दुसऱ्या टोकाचा आठ पिनी प्लग मात्र १५० वॅटसाठी बनवलेला. कार्ड काय बघतं? आठ पिनी लागलाय, म्हणजे १५० मिळणार. ते बिनधास्त ओढतं. माझं कार्ड १२५ वॅटचं. त्यातले चाळीसेक मदरबोर्डावरच्या स्लॉटमधून घेतले असं धर, उरले ८५, म्हणजे सात अँपिअर. साडेचारच्या जागी सात. आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ अडीचपट. ती कुठं, तर त्या नखाएवढ्या पट्ट्यांत. त्या तापल्या की पकड सैल, पकड सैल की रोध जास्त, रोध जास्त की आणखी ताप. स्क्रीन काळा पडायचा तो ह्यामुळे, कार्डाला घोटभर करंट कमी पडायचा. आणि मी ड्रायव्हर बदलत होतो!

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? एवढं जळत होतं आणि कुणालाच कळत नव्हतं. घराच्या एमसीबीच्या (करंट जास्त झाला की आपोआप पडते ती) दृष्टीनं कॉम्प्युटर ओढतो जेमतेम एक-सव्वा अँपिअर, ती कशाला पडेल. एसएमपीएसचं स्वतःचं संरक्षण असतं, पण ते बघणार एकूण करंट. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला १८ अँपिअर लिहिलेत, त्याला हे सात म्हणजे काहीच नाही. सगळे पहारेकरी आपापल्या दारात जागे होते आणि आग मधल्या बोळात लागत होती. आई तिथून गेली नसती तर, हा विचार मी अजून पुरता करत नाही.

तेच लेबल दहा वर्षांत पहिल्यांदा वाचलं हेही कबूल करतो. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक अक्षरांत १८ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला २१६ वॅट. बाकीची बढाई ३.३ आणि ५ व्होल्टची, जी आजकाल फारशी कामाला येत नाही. कार्ड १२५, प्रोसेसर ८४. म्हणजे वायर जळली नसती तरी एसएमपीएस काठावरच उभा होता.

आता ५५० वॅटचा नवा आणलाय. साडेचार हजाराला पडला. कार्डाची वायर सरळ त्याच्यातूनच येते, मधे जोड नाही, कार्डाच्या बाजूला सहा अधिक दोन पिना. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्ट्या वायरी नव्याला वापरायचा मोह चिरंजीवांना झाला होता, प्लग बसत होता म्हणून. मी एकदम ओरडलोच. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, एसएसडी क्षणात गेली असती. बसतंय म्हणून लावायचं नाही, एवढं पोरगं आता माझ्यादेखत तरी पाळतं.

गंमत पुढं आहे. नवा एसएमपीएस लावून पहिला तास होतो न होतो तोच आई आली, "वास येतोय." माझ्या पोटात गोळा. झाकण काढलं, सगळं हातानं चाचपलं, सगळं गार. मालवणी काकूंना पुन्हा पाचारण. त्या म्हणाल्या, नवीन कपाटाचा येतो तसला आहे. वार्निशच. दोन दिवसांत गेला. तरी आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की कॅबिनेटपाशी येते, वाकून एक श्वास घेते आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जाते. देवाच्या यादीत त्यालाही घेतलंय बहुतेक.

आता तुझं. तू म्हणालास, तुझी वायर 'अजून चांगली दिसतेय'. माझीही वरून चांगलीच दिसत होती. प्लगच्या टोकाशी पिवळ्या वायरी बोटांनी वाकवून बघ, कडक लागल्या तर समज. आणि चांगली असली तरी परत लावू नकोस. तुझं कार्ड तर माझ्यापेक्षा जास्त ओढणारं. नवा एसएमपीएस येईपर्यंत मॉनिटर मदरबोर्डाच्या मागच्या भोकात लाव, गेम नाही पण मेल-बिल होतील. एसएमपीएसचे निम्मे पैसे मी देणार, ह्यावर वाद नको. आणि ती वायर नुसती कचऱ्यात टाकू नकोस, दोन तुकडे करून टाक. भंगारवाल्याच्या हाती सरळ लागली तर तो पुसून पुन्हा विकेल.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, आठवडाभर कॉम्प्युटरच्या खोलीत अधूनमधून नाक फिरवून जात जा. ह्या कामात तुझ्यावर माझा विश्वास नाही, दिवसाला दहा सिगरेटी ओढणाऱ्याचं नाक ते.

तुझा,
दिन्या

ता. क. जळका प्लग मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. गणपतीला आलास की दाखवतो. आईनं पिशवीवर पेननं लिहून ठेवलंय : 'टापटीप'.