होड्यांचं पोस्टकार्ड

चिमणे,

तुझं अ‍ॅमस्टरडॅमहून टाकलेलं पोस्टकार्ड काल आलं. शिक्क्यावरची तारीख बघितली, आपलं रविवारी वाजलं त्याच्या आधीच टाकलेलं दिसतंय, म्हणजे ते मला उत्तर म्हणून नव्हतं, पण लागलं मात्र तसंच. मी म्हणालो होतो ना, राजीनामा टाकलास ठीक, पण किती दिवस अशी बसून राहणार? आणि कार्डावर वाळूत बसलेल्या होड्या. आईने फ्रिजवर लावलंय, पाणी प्यायला गेलं की समोर.

व्हिसाचं विचारणार नाहीये. दुसरी नोकरी शोधायला तीन महिने असतात, तुला माहितीये, मला माहितीये, विषय संपला.

रात्री चष्मा लावून नीट बघितलं. एका होडीवर नाव आहे, अमितिये, म्हणजे फ्रेंचमध्ये मैत्री म्हणे. मग वाचत बसलो. १८८८ च्या जूनमधलं चित्र. होड्या पहाटेच समुद्रात जायच्या, किनाऱ्यावर बसून रंगवायला वेळच मिळायचा नाही, म्हणून व्हॅन गॉगने तिथून स्वतः निघायच्या दिवशी सकाळी भराभर ड्रॉइंग केलं आणि पेंटिंग आर्ल्सला, राहत्या गावी परत जाऊन. म्हणजे बघ, इतक्या निवांत दिसतात त्या, पण थोड्या वेळाने निघणारच होत्या, आणि तुझेही तीन महि... सॉरी. आलो परत तिथेच. रिटायर झालं तरी साहेबी जात नाही.

हर्णै आठवतं? तू पहिलीत होतीस, पावसाळ्याची मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. तू विचारलंस, बाबा, या आजारी आहेत का? मी नुसता हसलो. तिथले एक म्हातारे काका तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होते, फटींमध्ये कापूस ठासत होते, तू त्यांच्या हातातला कापूस घेऊन स्वतःच ठासायला लागलीस, नवा फ्रॉक तेलाने बरबटला, आई ओरडली आणि ते म्हणाले, राहू द्या हिला इथंच. महिनाभर ऑफिसात सांगत होतो मी ते.

परवा खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, काय म्हणते अ‍ॅमस्टरडॅम? मी म्हटलं, रजेवर आहे. घरी येऊन आईला म्हणालो, खोटं बोललो गं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, त्यात खोटं काय?

गुरुवारी डॉक्टरकडे गेलीस का? झोप लागते का रात्री? मेतकूट आणि आईने केलेल्या कुरडया कुरिअर करतोय, निदान मऊ भात तरी लावत जा. इकडे पाऊस नुसता भुरभुर, खडकवासला अजून रिकामंच आहे. हर्णैलाही बंदीच असेल आता, ३१ जुलैपर्यंत.

फोन कर. व्हिसाचा व काढणार नाही, आईची शपथ. फक्त ती तारीख नक्की कधीची, तेवढं मेसेजवर टाक, कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

बाबा