बॅकगॅमन: शर्यतीआधी नाकेबंदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बैठ्या खेळांवर आलेल्या मजकुरात बॅकगॅमनची ओळख फाशांची शर्यत एवढीच करून दिली आहे. तेवढ्यावर खेळायला बसणारा नवशिक्या हरत राहील, कारण या खेळाचा अर्धा जीव समोरच्याची वाट अडवण्यात आहे.

आपल्या दोन सोंगट्या बसल्या की त्या घरात समोरच्याला उतरता येत नाही. अशी सलग सहा घरे धरली तर मागची सोंगटी कोणत्याच दानाने सुटत नाही. एका फाशावर सहाच्या वर पडत नाही आणि दोन फाशांची बेरीज चालताना मध्ये कुठेतरी टेकावेच लागते. या भिंतीला 'प्राइम' म्हणतात. तिला १५ पैकी १२ सोंगट्या लागतात, म्हणून पहिल्या दानापासून तयारी हवी. सोंगट्या बाहेर काढतो त्या टोकाकडून मोजल्यास सहावे आणि आठवे घर सुरुवातीपासून आपलेच असते. ३-१ पडले तर आठव्यातून आणि सहाव्यातून एकेक सोंगटी आणून पाचवे घर धरावे, ४-२ ला त्याच दोन घरांतून चौथे. ६-१ ला तेराव्यातून आणि आठव्यातून सातवे. उगाच पहिल्या-दुसऱ्या घरात सोंगट्या लोटू नयेत. सोंगटी मागे फिरत नाही, त्यामुळे तिथे गेलेली भिंतीला कायमची मुकते.

भिंत पाच घरांची, म्हणजे चौथ्यापासून आठव्यापर्यंत असेल, तर समोरच्याची, म्हणजे आपल्या उलट दिशेने नवव्या घराकडे निघालेली, अडकलेली सोंगटी नेमकी कुठे आहे यावर सगळे ठरते. ती तिसऱ्या घरात, भिंतीला चिकटून असेल तर कोणताही सहा तिला सोडवतो: ३६ पैकी ११ दाने. दुसऱ्या घरात असेल तर फक्त ६-१, म्हणजे ३६ पैकी २! म्हणून अडकलेल्याने आधी भिंतीपाशी सरकावे, आणि अडवणाऱ्याने तिथे आलेल्या एकट्या सोंगटीला लगेच मारावे किंवा नववे घर धरून सहा पूर्ण करावेत. चार घरांच्या भिंतीला चिकटलेली सोंगटी मात्र पाच किंवा सहा पडताच, ३६ पैकी २० दानांत, निसटते. एका घराचा फरक इतका मोठा आहे.

बांधलेली भिंत बहुतेकदा मोडते ती वेळेच्या हिशेबात. एका दानाला सरासरी ८ घरांहून थोडी जास्त चाल होते. भिंतीबाहेरच्या सोंगट्यांकडे २४ घरांची चाल उरली असेल तर जेमतेम तीन दाने निभतील, मग भिंतीतलीच सोंगटी उचलावी लागेल. आपल्याही सोंगट्या समोरच्याच्या भिंतीमागे अडकल्या असतील, तर दान खेळताच न येणे कधीकधी फायद्याचे ठरते, कारण भिंत शाबूत राहते.

पुढच्या अंकात पाच घरांची भिंत आणि तिसऱ्या व दुसऱ्या घरातली सोंगटी अशा दोन आकृत्या छापाव्यात, ही विनंती.

– बॅकगॅमन खेळणारे काही वाचक, पुणे