इंधन संपलेल्या गाडीला क्रेन नको, पाच लिटर तेल हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर सलग खुला झाला. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, बाहेर पडायचे तर इंटरचेंजवरच. जुन्या रस्त्यावर तेल संपले तर येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाकीवर बसून पंप गाठता येतो. इथे बाजूच्या गावातला पंप डोळ्यांना दिसला तरी तिथे जायला वाट नाही. अडकलेला माणूस मग समोरचा मागेल तो भाव देतो. हा भाव आधी कळावा आणि मदतही गरजेपुरतीच यावी, यासाठी हे पत्र.

तेल संपते ते केवळ निष्काळजीपणामुळे, असे मानणे बरोबर नाही. ‘अजून इतके किलोमीटर’ हा डॅशबोर्डवरचा आकडा मागच्या काही अंतराच्या सरासरीवर काढलेला असतो. ताशी ८० ने आलेली गाडी इथे १२० ने धावू लागली की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. आकडा मग भराभर उतरतो आणि पंप मात्र मागे पडलेला असतो. इतर रस्त्यांवर दुचाकीस्वारांनीही एक जुनी सवय मोडायला हवी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाले, नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आले आणि रिझर्व्हचा कॉक गेला. बंद पडलेली गाडी कॉक फिरवून पुन्हा चालू करण्याची सोय आता नाही. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. गॅस कॅनमधून आणून देता येत नाही, तिथे गाडी उचलूनच न्यावी लागते.

गाडी अडखळू लागली की वेग शिल्लक असतानाच डावीकडच्या कडेच्या पट्टीत घ्यावी. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. लाल परावर्तक त्रिकोण ५० मीटर मागे ठेवला तर मागच्या चालकाला जेमतेम दीड सेकंद मिळतो, म्हणून १०० मीटरच्या पुढेच ठेवावा. चारही इंडिकेटर चालू करून सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. गाडीत बसून वाट पाहणे सर्वांत धोक्याचे.

फोन कुणाला करायचा, यात पुष्कळ गोंधळ आहे. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचे. त्यांची मदतवाहिनी वेगळी, ती प्रवेश करतानाच मोबाइलमध्ये साठवून ठेवावी. जिवाला धोका असेल तर ११२. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या पहिल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर विसंबू नये, त्यात फसवे क्रमांक असतात. मदत येण्याआधी कुणी यूपीआयवर पैसे मागितले तर फोन ठेवून द्यावा.

सांगताना किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि दिशा, दोन्ही सांगावे. खर्चाचे मूळ इथेच आहे. मदतनीस समोरच्या इंटरचेंजवर असेल तर त्याला पलीकडच्या बाजूने तुम्हाला ओलांडून मागच्या इंटरचेंजपर्यंत जावे लागते, तिथून वळून तुमच्यापर्यंत यावे लागते. नकाशावरचे १० किलोमीटर असे सहज ४० होतात, आणि भाडे धावलेल्या किलोमीटरवर लागते. म्हणून ‘किती घेणार?’ एवढेच विचारून भागत नाही. किमान आकार किती आणि तो किती किलोमीटरपर्यंत, पुढे किलोमीटरला काय, जाणे-येणे दोन्ही धरणार का, रात्रीचा वेगळा भाव आहे का, टोल कुणाचा, इंधन पंपाच्या दराने की चढ्या, जीएसटीसह पावती मिळणार का, हे सगळे फोनवरच विचारून एकूण रक्कम संदेशात लिहून घ्यावी. आणि ‘तेल संपले आहे, टोचन नको’ हे स्पष्ट सांगावे. ते न सांगितल्यास क्रेन येते, आणि क्रेन आली की तिचे भाडे लागते.

अनेकांनी या मदतीचे पैसे आधीच भरलेले असतात, हे त्यांना ठाऊक नसते. नव्या गाडीबरोबर बहुतेक कंपन्या काही वर्षे रोडसाइड असिस्टन्स देतात. विम्यात ते वेगळे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचे कलम असते; ते घेतले नसेल तर सर्वसमावेशक विमाही इथे उपयोगी पडत नाही. खासगी मोटारीच्या मूळ विम्यातली १,५०० रुपयांपर्यंतची टोइंगची तरतूद फक्त अपघातासाठी आहे. ॲड-ऑनमध्ये साधारण ५ लिटरच्या आसपास इंधन पोहोचवले जाते. पोहोचवण्याचा आकार माफ, पण इंधनाची किंमत अनेक योजनांत मालकाकडूनच घेतात. वर्षातून किती वेळा आणि किती अंतरापर्यंत, याच्या मर्यादा पॉलिसीत असतात. तो कागद घरच्या कपाटात ठेवला तर रस्त्यावर काय उपयोग!

तेल आल्यावरही चुका होतात. चढावर उभ्या गाडीत एक-दोन लिटर ओतले तर ते टाकीच्या एका कोपऱ्यात जाते आणि पंपाला मिळत नाही. ५ लिटर टाकावे. १५ चे ॲव्हरेज धरले तर ७५ किलोमीटरची सोय होते. पेट्रोल गाडीत लगेच सेल्फ मारू नये. किल्ली तीन-चार वेळा नुसती ‘ऑन’ करून दर वेळी तीन सेकंद थांबावे (बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लच न दाबता ‘ऑन’ येईपर्यंत बटण दाबावे), म्हणजे टाकीतला पंप नळीत दाब भरतो. सेल्फ एका दमात १० सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर तेल असूनही बॅटरी उतरते आणि दुसरी मदत मागवायची वेळ येते.

डिझेलची गाडी हवा धरते, म्हणजे तेल संपले की तिच्या इंधनाच्या नळीत हवा शिरते. फिल्टरवर हातपंप असेल तर हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड डिझेल येईपर्यंत पंप दाबत राहावा आणि मग स्क्रू आवळावा. विजेचा पंप असेल तर किल्लीचीच कृती सात-आठ वेळा करावी. तरीही सुरू झाली नाही तर हट्ट सोडावा. आजच्या डिझेल इंजिनांतल्या कॉमन रेल या इंधन-यंत्रणेचा उच्च दाबाचा पंप डिझेलनेच वंगण घेतो. कोरडा फिरला की धातूचा कीस सुटतो, तो इंजेक्टरपर्यंत जातो आणि सगळा संच बदलावा लागू शकतो. इथे मात्र टोचनचे पैसे देणे परवडते.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणून देणारा भला माणूस भेटेल, पण पंपावर बाटलीत पेट्रोल नाकारतात, त्यालाही कारण आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ च्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येते, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचे व चिनीमातीचे भांडे १ लिटरपर्यंत, धातूचे २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकचा त्यात उल्लेखच नाही.

महामंडळाला करता येण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. प्रत्येक इंटरचेंजच्या प्रवेशावर ‘पुढचा पंप इतक्या किलोमीटरवर’ असा फलक हवा, त्यात सीएनजी आणि चार्जिंगचाही आकडा हवा. क्रेन आणि इंधन पोहोचवणे यांचे वेगवेगळे दर टोल नाक्यावर मराठीत, ठळक लावावेत. गस्तीच्या गाडीत पेट्रोल व डिझेलचे धातूचे प्रत्येकी एक १० लिटरचे कॅन आणि नरसाळे असावे, इंधनाची किंमत पंपाच्या दराने पावती देऊन घ्यावी. यासाठी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची परवानगी लागेल तर ती महामंडळाने मागावी. तिचे मुख्यालय नागपुरातच, याच रस्त्याच्या टोकाला आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक