‘ही बस आम्हाला चालते का?’ : परिवहन मंत्र्यांना एक खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : पाचगणी-महाबळेश्वर दरम्यान सुट्ट्यांच्या दिवसांत एसटीची सलग फेरी सुरू करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी वाईची. पाचगणीतल्या एका शाळेत शिकवते. सकाळी वाई स्टँडवरून वर जाणारी गाडी धरायची, पसरणीचा घाट चढायचा आणि शाळा सुटली की तीच वाट उतरायची, असं एकोणीस वर्षं चाललंय. माझी धाकटी बहीण महाबळेश्वरला दिलेली आहे. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी पाचगणीला न उतरता तशीच पुढं जाते. या पत्रात जे लिहितेय ते एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. खिडकी मिळाली नाही त्या दिवशी दांडीला लोंबकळून.

गेल्या नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. पाचगणी स्टँडवर महाबळेश्वरची गाडी लागली होती. पाठीवर सॅक घेतलेलं एक तरुण जोडपं दाराशी घुटमळत होतं. पोरगा पाटी वाचायचा, आत डोकवायचा, पुन्हा मागं व्हायचा. शेवटी पहिल्या सीटवर मी बसले होते, तर मलाच विचारलं, ‘‘मॅडम, ही बस आम्हाला चालते का?’’

मला प्रश्नच कळला नाही. मग तो म्हणाला, ‘‘म्हणजे ही इथल्या लोकांची आहे ना? आम्ही फिरायला आलोय.’’

मंत्रीमहोदय, ही दोघं नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून पाचगणीला आली होती, आणि पुणे-पाचगणी आली ती एसटीनंच! पण थंड हवेच्या ठिकाणी पाय ठेवला की एसटी आपली राहत नाही, तिथून पुढं टॅक्सी तरी करायची नाहीतर गाडी भाड्यानं घ्यायची, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी म्हटलं, ‘‘तिकीट काढलं की चालते. या वर.’’ कंडक्टरनं मशीनवर क्यूआर कोड दाखवला, पोरानं मोबाइलवरून पैसे दिले. त्याचं पूर्ण, तिचं अर्धं. तिकीट हातात आल्यावर त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, ‘‘दोघांचं आहे?’’

दोघांचंच होतं. पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे सहा-सहा किलोमीटरचे चार टप्पे. 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्के भाडेवाढ झाली ती धरूनसुद्धा साध्या गाडीचं पूर्ण तिकीट पन्नास रुपयांच्या आत बसतं. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून तिकिटाचे पैसेच नाहीत. आजी, आजोबा, सून, नात असं कुटुंब घेऊन बघा, या रस्त्यावर याहून स्वस्त काही नाही. आणि तरी नाताळात, दिवाळीत, मे महिन्यात आमच्या गाडीत बसलेली माणसं तीच असतात. शाळेतले शिपाई, हॉटेलात कामाला जाणारी पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, गाजराच्या पाट्या घेतलेल्या बायका. फिरायला आलेली माणसं खिडकीबाहेर असतात. आपापल्या गाडीत, आमच्या पुढं, रांगेत.

त्या रांगेबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या.

गेल्या मे महिन्यात बहिणीचे सासरे आजारी होते, म्हणून शनिवारी डबा घेऊन निघाले. मेटगुताडच्या पुढं गाडी थबकली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तेव्हाच जुन्या प्रवाशांनी ओळखलं. डावीकडं स्ट्रॉबेरीचं शेत, उजवीकडं एका गाडीतून बाहेर काढलेले पाय. दहा मिनिटांनी वीस पावलं पुढं. पुन्हा बंद. माझ्या शेजारी एक बाई होती, तिला वेण्णा लेकवर बसून गाजरं आणि तांबडे मुळे विकायचे होते. ती दर पाच मिनिटांनी पाटीवरचं ओलं फडकं उचलून बघत होती. ‘‘आता मी पोचणार आणि गिऱ्हाईक जेवायला जाणार,’’ म्हणाली. वेण्णा लेकच्या अलीकडं मी उतरले आणि डबा घेऊन चालत सुटले, अडीच-तीन किलोमीटर. वाटेत ज्या गाड्या मागं टाकल्या त्या मोजायचा नाद लागला (शिक्षकाची खोड). एकशे चाळीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. बहुतेकांत दोन नाहीतर तीन माणसं. बरणीत हरभरे भरावेत तशा गाड्या भरलेल्या आणि आतून हवाच जास्त.

चाळीस माणसं एका एसटीत बसतात. तीच चाळीस माणसं मोटारींतून आली की तेरा-चौदा गाड्या होतात. एकीमागं एक उभ्या केल्या की रस्ता तिथंच संपला. हे गणित माझ्या पाचवीच्या वर्गातही सुटेल.

दर वर्षी यावर दोन उपाय ऐकू येतात : रस्ता रुंद करा आणि पार्किंग वाढवा. साहेब, करायचं कुठं? 2001 साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केलाय, आणि तो झाडं आणि पठारं राहावीत म्हणूनच केलाय. जांभळीची आणि हिरड्याची झाडं तोडून त्यांच्या जागी वाहनतळ केला तर लोक वर यायचे कशाला? त्यापेक्षा वर येणाऱ्या गाड्या कमी करणं सोपं. माथेरानला मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि माथेरान काही ओस पडलं नाही. आमच्याकडं तेवढं कडक करा असं मी म्हणत नाही. दोन गावांमधल्या वीस किलोमीटरपुरती तरी मोटार काढायची गरज वाटू नये, एवढंच.

त्यासाठी नवं महामंडळ नको, निविदा नको, सल्लागार तर मुळीच नको. एसटी इथं आधीच आहे. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी धावली तेव्हापासून खेड्यापाड्यांत जायचं कसब तिच्याकडं आहे. महाबळेश्वर दर्शन, प्रतापगड दर्शन अशा गाड्याही महाबळेश्वरहून सोडल्या जातात आणि ज्यांना कळतं ते आनंदानं जातात. पण दर्शनाची गाडी म्हणजे ठरलेली वरात. तिच्याबरोबर निघायचं, तिच्याबरोबरच परतायचं. मधेच कुठं उतरून चहा प्यावासा वाटला, पाचगणीत टेबललँडवर ऊन उतरेपर्यंत बसावंसं वाटलं, तर ती थांबत नाही. फिरायला आलेल्या माणसाला हवी असते ती मनात आलं की चढायची आणि मनात आलं की उतरायची गाडी.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. गर्दीच्या दिवसांत पाचगणी स्टँड ते महाबळेश्वर स्टँड दर पंधरा-वीस मिनिटांनी एक गाडी. वाईहून, साताऱ्याहून, पुण्याहून येणाऱ्या गाड्यांत मिसळलेली नको, नुसती या दोन गावांत ये-जा करणारी. तिची पाटी वेगळी असावी, लांबून ओळखू यावी. आणि शेवटची गाडी रात्री दहाला.

शेवटच्या गाडीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतेय, कारण सगळं तिथं अडतं. जाताना माणूस कसाही जातो. पण मुक्काम पाचगणीला आणि संध्याकाळ महाबळेश्वरच्या बाजारपेठेत, असं असलं की सहा वाजल्यापासून आई मुलांना घाई करायला लागते. मक्याचं कणीस अर्धं टाकून पळायला लागतं. परतीची गाडी असेल की नसेल या एका शंकेपायी लोक सकाळीच टॅक्सी ठरवतात, दिवसभरासाठी. दहाची गाडी रिकामी गेली तरी चालेल. ती आहे एवढं माहीत असलं म्हणजे दुपारच्या गाड्या भरतात. एसटीत आयुष्य गेलेल्या कुठल्याही वाहतूक नियंत्रकाला विचारा, तो हेच सांगेल.

दुसरं, नावं. आम्ही ‘हात दाखवा, एसटी थांबवा’वाले. भोसे, गुरेघर, मेटगुताड, अवकाळी, लिंगमळा हे आम्हाला झाडावरून, वळणावरून कळतं. नवख्या माणसाला कळायचं कसं? प्रत्येक ठिकाणी एक खांब, त्यावर नाव, आणि खाली ‘पुढची गाडी इतक्या वेळात’ एवढं असलं तरी पुष्कळ. लिंगमळ्याच्या खांबावर धबधब्याचं चित्र काढा, वेण्णा लेकच्या खांबावर होडीचं. मराठी न येणाऱ्यालाही समजेल. आणि भिलारला विसरू नका. शासनानंच 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव केलं, घराघरांत पुस्तकं ठेवली. शासनाचं गाव आणि शासनाची गाडी यांची रोजची गाठ या फेरीनं घालून दिली तर माझ्या वर्गातली पोरं शनिवारी दुपारी स्वतःहून जातील.

तिसरं, पास. ‘आवडेल तेथे प्रवास’ हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार. पण तो पास चार किंवा सात दिवसांचा, महाराष्ट्र पालथा घालणाऱ्यांसाठी. तसाच एक दिवसाचा, फक्त वाई-पाचगणी-महाबळेश्वर एवढ्यापुरता काढा. मग मोटार वाईत ठेवून वर जाणं परवडेल, आणि परतताना गणपतीच्या घाटावर दोन घटका बसणंही होईल. (वाईची आहे, वाईकडं ओढणारच.)

गाड्या कुठल्या आणायच्या, हा प्रश्न आपले अधिकारी पहिल्यांदा विचारतील. पसरणीचा घाट दमछाक करतो हे खरं, पण पाचगणीच्या पुढं तसली चढण नाही, वळणं आहेत. दोन्ही गावांच्या उंचीत फार फरक नाही. वीस किलोमीटर जायचं, थांबायचं, वीस किलोमीटर यायचं. इलेक्ट्रिक गाडीला हा रस्ता जड जाणार नाही, आणि थंडीत खिडक्या उघड्या ठेवून बसणाऱ्यांना धुराचा वासही यायचा नाही.

आता टॅक्सीवाल्यांबद्दल. त्यांना टाळून हे पत्र लिहिणं लबाडीचं ठरेल. माझे कितीतरी विद्यार्थी आज टॅक्सी चालवतात, त्यांतला एक मला बघून अजूनही स्टिअरिंगवरचे हात सोडून नमस्कार करतो (त्याला रागावलेय). त्यांची घरं या धंद्यावर चालतात. पण ऑर्थर सीट, केट्स पॉइंट, बॉम्बे पॉइंट ही त्यांची कामं या फेरीनं जाणार नाहीत. तिथं लोकांना छोटी गाडी आणि वाट दाखवणारा माणूस हवाच असतो. त्यांचं नुकसान रांगेत होतं. दिवसाला चार फेऱ्या करणारा मे महिन्यात दोन करतो आणि डिझेल चारांचं जाळतो. मोकळा रस्ता त्यांनाही हवाय. फक्त ठरवण्याआधी त्यांना बोलावून घ्या, निर्णय झाल्यावर नको.

एक गंमत सांगते. आमच्या साध्या गाडीत एका सीटवर अजून ‘विधानसभा सदस्य’ असं लिहिलेलं असतं. एकोणीस वर्षांत त्या सीटवरून मला कुणी उठवलेलं नाही. तक्रार नाही, सोय आहे. पण त्या सीटवर बसल्या बसल्या माझ्या मनात येतं की, ज्यानं हे लिहून घेतलं त्याच्या डोळ्यांसमोर आमदार एसटीनं जातील असं खरंच होतं.

एकदम कायमचं काही करू नका. येत्या 24 डिसेंबर ते 1 जानेवारी एवढे नऊ दिवस करून बघा. नऊ दिवसांची तिकिटं मशीनमध्ये नोंदलेली राहतील, तीच बघा. 31 डिसेंबरच्या रात्री मात्र दहाची गाडी साडेबाराला सोडा. त्या रात्री लोकांनी गाडी न चालवलेलीच बरी.

आपली,
वाई-महाबळेश्वर गाडीतली एक पासधारक शिक्षिका

ता.क. : हे पत्र लिहितेय म्हटल्यावर गाजरवाल्या बाईंनी एक निरोप दिलाय. त्यांच्याच शब्दांत देते : ‘‘गाड्या वाढवाच, पर मागल्या दोन सीटा काढून पाट्या ठेवायला जागा करा म्हणावं. मांडीवर पाटी घिऊन बसलं की गुडघे धरत्यात.’’